गाडी जुनी, घाट तोच

"आता कितीशी चालवायचीय गाडी? टाका की लोकल."

हे वाक्य आमच्याकडं कुठल्याही गॅरेजात ऐकायला मिळतं. कराडला ऐका, विट्याला ऐका, तासगावला ऐका, कोरेगावला ऐका. गाडी पंधरा वर्षांच्या पुढं गेली की हे वाक्य तिच्या बॉनेटवर चिकटलेलंच समजा. कधी मिस्त्री म्हणतो, कधी स्पेअर पार्टवाला म्हणतो, आणि निम्म्या वेळा तर गाडीचा मालक स्वतःच म्हणतो. तिघांपैकी कुणीही म्हटलं तरी उरलेले दोघे माना डोलावतात आणि मिळेल तो स्वस्तातला पार्ट गाडीला बसतो.

मला या वाक्याची चीड आहे. म्हाताऱ्या माणसाबद्दलही हेच बोललं जातं, "आता किती दिवस राहिलेत त्यांचे," आणि मग डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षावर जातं. पण तो विषय वेगळा. आज गाडीपुरतं बोलतो, आणि गाडीतल्याही एकाच पार्टपुरतं. पुढच्या चाकाचा लोअर आर्म.

सीट कव्हर लोकल टाका, माझं काही म्हणणं नाही. काच वर करायचं हँडल, पायाखालचं मॅटिंग, दाराचं अस्तर, जे स्वस्त मिळेल ते टाका. ते मोडलं तर माणूस वैतागतो, दोन शिव्या देतो आणि पुढं जातो. लोअर आर्म मोडला तर पुढं जाताच येत नाही.

ज्यांना हा पार्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाडीच्या पुढच्या चाकाजवळ खाली वाकून बघितलं तर चाकापासून गाडीच्या पोटाकडं गेलेला एक लोखंडी हात दिसतो. तोच हा आर्म. आतल्या टोकाला रबरी बुश असतो, त्यावर तो वरखाली हलतो. बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट असतो. आपल्या खुब्याच्या सांध्यात जसा हाडाचा गोळा वाटीत बसतो, तसाच. खड्डा आला की चाक वर जातं, खाली येतं, स्टिअरिंग फिरवलं की डावीउजवीकडं वळतं. एवढं सगळं करूनही ते आपली जागा सोडत नाही, ते या हातामुळं. मारुती ८०० सारख्या गाडीत हा आर्म एकेरी असतो आणि त्याला पुढंमागं धरून ठेवायचं काम आडवा स्टॅबिलायझर बार करतो. म्हणजे दोन्ही पार्ट मिळून चाकाला धरतात. एकाचा बुश गेला की दुसऱ्यावर ओझं येतं.

बुश गेला तर गाडी आधी ओरडून सांगते. स्पीडब्रेकरवर खडखड वाजते, ब्रेक मारला की एका बाजूला ओढते, टायर आतल्या कडेनं खाते. बॉल जॉइंटही बऱ्याचदा वाजतो. पण तो वाजणं थांबायची वाट बघू नका. वाटीतून गोळा निसटला की चाक तिरपं होऊन मडगार्डखाली दुमडतं आणि गाडी त्या बाजूला नाक टेकते. त्या वेळी गाडी दहाच्या स्पीडला आहे की सत्तरच्या, यावर पुढचं सगळं अवलंबून.

आता, "टाका की लोकल" ही सवय आपल्याला लागली कुठून? माझ्या मते ती जीपच्या जमान्यातली आहे. आमच्या तरुणपणी गावात चारचाकी म्हणजे जीप. तिला पुढंसुद्धा पाटे आणि आडवा अखंड एक्सल. असला आर्म तिला नव्हताच. पाटा तुटला तर दुसरा घालायचा, नाहीतर बांधाबांध करून घरापर्यंत आणायची. जीपनं ते सगळं सोसलं. मग १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत पहिली मारुती ८०० मालकाच्या हातात पडली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती आमच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत आली. हलकी गाडी, हलके पार्ट. प्रत्येक पार्ट मापात बनवलेला, उगाच जाड नाही. गाडी बदलली, पण आपली अक्कल जीपचीच राहिली. पाट्यासारखं ठोकून, वाकवून, वेल्डिंग मारून आर्म चालतो असं आपण धरून चाललो. तो चालत नाही.

जानेवारी २०१४ मध्ये ८०० बनायची थांबली. म्हणजे आज रस्त्यावरची तरुणातली तरुण ८०० सुद्धा दहा वर्षांच्या पुढची आहे. अशा गाड्या सातारा-सांगलीत अजून पुष्कळ आहेत. ८०० आहेत, व्हॅन आहेत, झेन आहेत, इंडिका आहेत. शहरातल्या माणसाला हे भंगार वाटतं. आमच्याकडं ह्याच गाड्या रात्री दोनला पेशंट घेऊन मिरजेला जातात, पोरांना परीक्षेला सोडतात, बाजारात कोथिंबिरीच्या पेंड्या पोचवतात. आणि ह्या गाड्यांना रस्ता काही वयानुसार सवलत देत नाही. खंबाटकी घाट नव्या गाडीला जेवढा उतार तेवढाच जुनीला. पसरणी घाटातलं वळण तेच, कुंभार्लीचा पावसाळा तोच. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याला पाडलेले खड्डे तर नव्या गाडीला चुकवता येत नाहीत तिथं जुनीला कुठून यायचे? गाडी जुनी झाली म्हणून तिला हलका पार्ट चालतो, हे गणित मला कुणीतरी पाटीवर लिहून समजावून सांगावं. उलट जुन्या गाडीचे बाकीचे सांधे थोडे थोडे ढिले झालेले असतात. तिला तर नव्या पार्टाचा आधार जास्त लागतो.

आमच्या भावकीतल्या एकाची गोष्ट सांगतो. त्याची जुनी छोटी गाडी. दिवाळीत डाव्या बाजूचा आर्म बदलला. दुकानदारानं दोन दाखवले, एक महाग, एक स्वस्त. फरक किती, तर युरियाच्या दोन पोत्यांएवढा. आता युरियाचं पोतं २६६ रुपयांना मिळतं, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. दुकानदार तेच वाक्य बोलला, यानं मान डोलावली, स्वस्तातला बसला. बिल नाही, पार्टावर नाव नाही, पुडक्यावर नुसता कागद.

होळीच्या आधी नवराबायको कराड-विटा रस्त्यानं येत होते. एका गावातल्या स्पीडब्रेकरवर गाडी हळू झाली, पुढचं चाक चढलं आणि उतरताना आडवं पडलं. स्पीड नव्हता म्हणून जीव वाचला. मागून उसाची ट्रॉली येत होती, ती हातभर अंतरावर थांबली. बायकोनं डॅशबोर्डवर हात टेकला होता, तिचं मनगट मोडलं. त्या घरात दोन म्हशी आणि एक गाय. दोन महिने तिला धारा काढता आल्या नाहीत. दुधाचं बिल तिच्या नावावर यायचं, तेवढे पैसे तिचे स्वतःचे. जनावरांपैकी एक म्हैस दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडीना, ती आटली.

मी तो मोडलेला आर्म हातात घेऊन बघितला. गोळा धरून ठेवायला वाटीची जी कड दाबून आत वळवलेली असते, तिचा पत्रा पापडासारखा पातळ. कड उघडली आणि गोळा बाहेर. चार-पाच महिन्यांत. तो आर्म घेऊन दुकानात गेलो तर उत्तर मिळालं, "आवं, गाडीच जुनी हाय तुमची. पार्टाला काय करायचं?" बघा, विकताना गाडी जुनी म्हणून हलका पार्ट दिला, आणि पार्ट मोडला तेव्हाही गाडीच जुनी. एकच वाक्य दोन्ही बाजूंनी वापरायचं. बिल नसल्यामुळं आमची बोलती बंद.

आपण शेतकरी माणसं वस्तू पारखायला काही कच्ची नाही. खरसुंडीच्या नाहीतर पुसेगावच्या यात्रेत खिलार बैल घ्यायचा तर आपण अर्धा दिवस घालवतो. दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, वशिंडावर हात फिरवतो, मालकाच्या गावात निरोप धाडून चौकशी करतो. बियाणं बोगस निघालं तर तालुक्याला मोर्चा नेतो. पिशवी, टॅग आणि पावती जपून ठेवा असं कृषी खातं दरवर्षी सांगतं आणि आपल्यातले शहाणे ती आढ्याला खोचून ठेवतातही. मग ज्याच्यावर घरातली चार माणसं बसून घाट उतरणार, तो लोखंडाचा तुकडा आपण पुडकंसुद्धा न सोडता मिस्त्रीच्या हातात का देतो?

तेव्हा आर्म कसा पारखायचा ते सांगतो. हे मला मिस्त्री लोकांकडून, आणि जुने-नवे पार्ट शेजारी शेजारी ठेवून बघत आलेलं आहे.

पहिली गोष्ट, आर्म बदलायची गरज आहे का ते आधी बघा. गाडीचं पुढचं चाक जॅकवर उचला, खाली टेकण लावा. चाक वर आणि खाली दोन्ही हातांनी धरून हलवा, आणि दुसऱ्या माणसाला बॉल जॉइंटवर बोट ठेवायला सांगा. तिथं खट् लागलं तर जॉइंट गेला. तिथं काही नाही आणि चाक तरी हलतंय, तर व्हील बेअरिंग बघा. मग पहारीनं बुशाजवळ हळू उचकटून बघा, रबर फाटलंय का, लोखंडाला लोखंड लागतंय का. पुष्कळदा नुसता बुश गेलेला असतो आणि कंपनीतून आलेला मूळ आर्म अगदी ठणठणीत असतो. अशा वेळी प्रेसवर चांगला बुश बसवून घ्या. पैसे वाचवायची खरी जागा ही आहे. मूळ चांगला आर्म काढून टाकून त्या जागी हलका नवा बसवायचा, हा तोट्याचा धंदा आहे आणि तो आपण नवीन घातला म्हणून मिरवत करतो.

दुसरी गोष्ट, जुना आर्म घेऊन दुकानात जा. फोनवर "८०० चा लेफ्ट पाठवा" म्हणू नका. दोन्ही शेजारी ठेवा. आतल्या भोकापासून गोळ्यापर्यंत टेपनं मोजा. जुना वाकलेला नसेल तर दोघांचं माप एक यायला पाहिजे. मग वजन करा. दुकानात काटा नसेल तर शेजारच्या किराणा दुकानात असतो, लाज कसली त्यात? नवा आर्म लक्षात येण्याइतका हलका भरला तर पत्रा कुठंतरी पातळ केलाय.

तिसरी गोष्ट, जसा होता तसाच घ्या. काही गाड्यांचा आर्म दाबलेल्या पत्र्याचा असतो, काहींचा घडीव लोखंडाचा. घडीवाच्या जागी ओतीव घेऊ नका. ओतीव आणि घडीव यांतला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको. विळा ओतून करत नाहीत, घडवून करतात. घडीव लोखंड मार बसला तर वाकतं, साधं ओतीव तडकतं. पत्र्याचा असेल तर वेल्डिंग बघा. वेल्डिंगची शिवण एकसारखी, सलग पाहिजे. मध्येच फुगलेली, मध्येच तुटलेली, बाजूला थेंब उडालेले, असं असेल तर परत द्या. रंग आतल्या खाचेपर्यंत गेलाय का बघा. बाहेरून ब्रश मारलेला आणि आत गंज, हा माल कुठल्या घाईत बनलाय ते तिथंच कळतं.

चौथी गोष्ट, गोळा हातानं फिरवा. नवा बॉल जॉइंट घट्ट पाहिजे, सगळीकडं एकसारख्या जोरानं फिरला पाहिजे. घंटेच्या लोळीसारखा लटकत असेल तर तो जुना होऊनच जन्माला आलाय. वरची रबरी टोपी कुठं चिरलेली नको, कारण तिथून धूळ आणि पाणी आत गेलं की ग्रीस संपलं. बुशाचं रबर आतल्या लोखंडी नळीला पक्कं धरलेलं पाहिजे. हल्ली काही जण रबराऐवजी कडक पीयू बुश घाला म्हणतात. पोरांना गाडी पळवायची असेल त्यांनी घालावा. आमच्या खड्ड्यांना रबर बरं, ते धक्का खातं. कडक बुश तो धक्का गाडीच्या पत्र्याला आणि आपल्या कमरेला देतो.

पाचवी गोष्ट बसवायची आहे, आणि तिथं पुष्कळ चांगले मिस्त्रीही घाई करतात. आर्मच्या बुशाचा बोल्ट चाक लोंबकळत असताना पूर्ण आवळायचा नसतो. गाडी चाकांवर उभी करून, तिचं वजन आर्मवर आल्यावर शेवटचं आवळायचं. नाहीतर बुश कायम पीळ पडलेल्या अवस्थेत राहतो आणि चांगल्यातला चांगला रबरही लवकर फाटतो. जिथं स्प्लिट पिन आहे तिथं नवी टाका, जुनी सरळ करून परत नको. आणि आर्म बदलला की अलाइनमेंट करूनच गाडी घरी न्या. त्यात आळस केला तर आर्मवर वाचवलेले पैसे टायर खाऊन टाकतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याही भावात करू नका. वाकलेला आर्म गॅसवर तापवून सरळ करणं, किंवा भंगारातल्या अपघाताच्या गाडीचा काढून बसवणं. तापवलेल्या लोखंडाचं पाणी गेलं की ते बाहेरून तसंच दिसतं. आतून काय झालंय ते घाटात कळतं.

यावर कुणी म्हणेल, एवढी कटकट कशाला? सरळ कंपनीच्या डब्यातला घ्या, विषय संपला. शहरातली मंडळी हेच सांगतात. मिळत असेल तर जरूर घ्या. पण बंद झालेल्या मॉडेलचा पार्ट शोरूममध्ये दरवेळी मिळतोच असं नाही. आणि दुसरं म्हणजे, कंपनीच्या डब्यातला पार्ट कंपनी स्वतःच बनवते हा समज काढून टाका. गाडीचे पुष्कळसे पार्ट दुसरे कारखानदार बनवून कंपनीला देतात. तोच कारखानदार तोच पार्ट स्वतःच्या नावानं बाजारात विकू शकला तर गिऱ्हाइकाला कमी पैशात चांगली वस्तू मिळते. ही वाट अडवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ ला देशातल्या १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड सांगितला होता. बाहेरच्या गॅरेजवाल्यांना पार्ट आणि तपासणीची साधनं मिळू दिली नाहीत, पार्ट बनवणाऱ्यांना थेट बाजारात विकू दिलं नाही, असा ठपका होता. पुढं कोर्टकचेऱ्या झाल्या, त्या होतच असतात. पण आपल्या कामाचा मुद्दा त्यात आहे. बाहेरचा पार्ट म्हणजे वाईट पार्ट, असं नाही. नाव असलेल्या कारखानदाराचा बाहेरचा पार्ट घ्यायला मी कधीच नाही म्हणणार नाही. माझं भांडण आहे ते बिननावाच्या पार्टाशी.

लोखंडाला नाव लागतं. आमच्या सांगली जिल्ह्यानं ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी बघितली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभा केला, तीच आजची किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगर आला तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंडानं जमीन नासते अशी भीती होती. तरी शेवटी नांगर घरोघर गेला, कारण तो बनवणारा माणूस आपलं आडनाव त्याला लावून उभा होता. नांगर मोडला असता तर कुणाच्या दारात जायचं हे शेतकऱ्याला माहीत होतं. आज आमच्या भावकीतल्या त्या आर्मचा बनवणारा कोण? कुठल्या गावचा? कुणाच्या दारात जायचं? ज्याला आपल्या वस्तूवर नाव टाकायची हिंमत नाही, त्याची वस्तू आपण आपल्या बायकापोरांच्या खाली का घालायची?

दुसरं एक उत्तर मला नेहमी मिळतं, आणि ते जास्त जड आहे. "तात्या, तुमचं बरंय. गरिबाला कुठलं परवडायला?" हे मी हसण्यावारी नेत नाही. पाण्याचं बिल थकलंय, पोराची फी भरायचीय, त्यात गाडी खडखडतेय, अशा वेळी हात आपोआप स्वस्ताकडं जातो. पण गरिबाच्या घरात एकच गाडी असते आणि एकच हातपाय धडके माणूस. मोडून सगळ्यात जास्त नुकसान त्याचंच होतं. श्रीमंताची गाडी मोडली तर तो दुसरी काढतो. आमच्याकडं दोन्ही बाजूंचे चांगले आर्म, मजुरी आणि अलाइनमेंट मिळून टनभर उसाच्या आसपास पैसे गेले. टनभर ऊस ही थोडी रक्कम नाही, मला ठाऊक आहे, मी ऊस लावतो. पण त्या माउलीचं मनगट, दवाखाना, आटलेली म्हैस आणि गाडीचं दुमडलेलं मडगार्ड यांची बेरीज केली तर कितीतरी टन होतात. परवडत नसेल तर या महिन्यात गाडी उभी ठेवा, बुशावर भागत असेल तर बुश घाला, सीट कव्हर पुढच्या वर्षी घ्या. आर्मवर काटकसर करू नका.

मिस्त्री लोकांबद्दलही दोन शब्द बोललं पाहिजे, कारण सगळं खापर त्यांच्या डोक्यावर फोडायची आपल्याला सवय आहे. गाडीखाली चिखलात पडून काम करणारा माणूस तो. चांगला पार्ट सांगितला तर आपण म्हणतो, "कमिशन खातोय." स्वस्त टाकला आणि मोडला तर म्हणतो, "डुप्लिकेट टाकला." तो बिचारा शेवटी गिऱ्हाइकाचं तोंड बघून पार्ट मागवायला शिकतो. त्याच्या मजुरीला आपण घासाघीस करतो, म्हणून तो पार्टात दोन पैसे बघतो. मजुरी नीट द्या आणि पार्ट आपण स्वतः उभं राहून घ्या, निम्मी भानगड तिथंच मिटते. काढलेला जुना पार्टही मागून घ्या. तो आपला आहे.

आणि बिल. बिलाशिवाय पार्ट घ्यायचा नाही. "बिल घेतलं तर जीएसटी लागेल" ही धमकी आहे, सवलत नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झालाय. माल विकून बिल न देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिलेली आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. वस्तूतल्या दोषानं माणसाला इजा झाली तर बनवणारा आणि विकणारा यांना जबाबदार धरायची तरतूदही त्या कायद्यात आहे. साताऱ्याला आणि सांगलीला जिल्हा ग्राहक आयोग आहेत. पण तिथं जाताना हातात कागद लागतो. बिलावर नुसतं "पार्ट १ नग" असं लिहून घेऊ नका. गाडी कुठली, बाजू कुठली, बनवणाऱ्याचं नाव काय, हे लिहून घ्या. बियाण्याच्या टॅगसारखं जपा.

दुकानदारांनाही माझं सांगणं आहे. तुम्ही आमच्यातलेच. तुमच्या घरातली माणसंही याच रस्त्यानं जातात. काउंटरवर दोन आर्म ठेवता तेव्हा दोघांची फक्त किंमत सांगू नका, दोघं कुणी बनवलेत तेही सांगा. ज्याचं नाव सांगता येत नाही तो विकायला ठेवू नका. आणि गिऱ्हाइकाची गाडी कितीशी चालायची आहे हे तुम्ही ठरवू नका. ज्या गाडीला सरकार पंधरा वर्षांनी तपासून पुढची पाच वर्षं चालवायला परवानगी देतं, तिला तुम्ही काउंटरवर बसून भंगारात काढता, आणि भंगाराच्या लायकीचा पार्ट देऊन तिला खरोखरच तिथं पोचवता.

पाऊस उघडला की रस्त्यांची काय दशा होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर लगेच कारखान्यांचे भोंगे होतात आणि ट्रॉल्या रस्त्यावर येतात. त्याच्या आत, दसऱ्याला गाडी धुऊन हार घालायच्या आधी, एकदा ती जॅकवर घ्या आणि चाक हलवून बघा. प्ले लागला तर मिस्त्रीला स्वच्छ सांगा, गाडी जुनी आहे म्हणूनच चांगला टाका.